गरी ज्याची, मासा त्याचा

९ नोव्हेंबर १९८६, रविवार

कमळा म्हणाली, "तुमची जळजळ माझ्यासमोर ओकू नका, कुठंतरी लिहून काढा." औषधकंपनीच्या माणसाने वाचनालयाला फुकट दिलेली ही डायरी जानेवारीपासून कोरी पडून होती. तिची सुरुवात नोव्हेंबरात होतेय.

हरिश्चंद्र आफ्रिकेला चाललाय. गळाने मासे गरवायला.

माझा हेवा उगाच नाही, म्हणून नीट लिहितो. हरिश्चंद्र माझा शेजारी. जन्मभर बोटीवर नोकरी केली आणि निवृत्त होऊन घरी बसला. दोघे एकाच वयाचे, बावीस वर्षं रजेच्या प्रत्येक रविवारी आणि आता दर रविवारी रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या वाळूत शेजारी-शेजारी उभे राहून गरी टाकतो. त्याच्या बोटीवरचे जुने अधिकारी परेरासाहेब आता मोंबासाच्या पुढे मालिंदी म्हणून गाव आहे तिथे घर बांधून राहतात. दारात समुद्र. लाटेत उभं राहून गरीच्या काठीने मोठमोठे मासे धरतात. त्यांनी हरिश्चंद्राला बोलावलंय आणि विमानाचं तिकीटसुद्धा धाडलंय.

आज वाळूत बसून त्याने हे सांगितलं, ते आमिषाची चिंगळं सोलता सोलता, उद्या सावर्ड्याला जातो म्हणावं तसं. मी म्हटलं, "छान." त्यानंतर मला एक मासा लागला नाही.

मी वाचनालयात काम करतो. तिथे कोणा इंग्रज कलेक्टरने मागे ठेवलेलं एक जाडजूड पुस्तक आहे, उष्ण देशांतल्या किनाऱ्यांवर लाटेत मासे कसे गरवावेत यावर. रंगीत चित्रं आहेत. ते पुस्तक आजवर माझ्याशिवाय कोणी घरी नेलेलं नाही. कोणत्या वाळूला दोरीच्या वजनाचं कसलं शिसं, कोणत्या माशाला कितवी गरी, मला तोंडपाठ आहे. हरिश्चंद्राने त्याचं एक पान उलटलेलं नाही. आणि जाणार कोण, तर तो. देव देतो तेव्हा पत्ता चुकवतो.

१० नोव्हेंबर

वाचनालयात दिवसभर पुस्तक उघडून बसलो. मालिंदीचं नाव त्यात एकदाच आलंय. एका पेन्शनर सभासदाने दोनदा हाक मारली, मी ओ दिली नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

संध्याकाळी हरिश्चंद्र घरी आला. उंबऱ्याला ठेचाळला, कमळाने पाणी दिलं. काखेत कांबळ्यात गुंडाळलेली त्याची फायबरची काठी होती, जपानच्या फेरीत घेतलेली. बरोबर पिशवीभर सामान.

"तू वाचलंयस," तो म्हणाला. "काय न्यायचं नि काय टाकायचं, तूच निवड. तू म्हणशील ते मी नेणार."

माझी छाती फुगली हे खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्याच क्षणी वाटलं, हा मला नोकर समजतो. मुंज याची, आणि सोवळ्यात मी.

तरीही निवड करायला बसलो. वेताची जुनी काठी बाजूला काढली, लाटेपलीकडे पोचायची नाही. फायबरचीच न्यायची. रीळ चांगलं आहे, पण खाऱ्या पाण्याने गंजलंय, उघडून तेल घालायला हवं. दोरीवरून वाद झाला. पुस्तकात लिहिलंय, पाणी निळं नि नितळ असेल तर दोरी बारीक आणि हिरवट हवी, माशाला दिसता नये. हा म्हणतो, पांढरी हवी, जाड हवी.

"माशाला दिसेल ना," मी म्हटलं.

"माशाला दिसू दे रे. मला हाताला लागली पाहिजे."

असला हट्ट मी बावीस वर्षांत ऐकला नव्हता. अडाण्याचा गाडा. शेवटी मधली, पांढरीच पण जरा बारीक, अशी ठरवली. जाताना त्याने कमळाला पायऱ्या किती ते विचारलं. आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत हे शेंबडं पोरही जाणतं. साहेबी थट्टा.

२१ नोव्हेंबर

आज राम आळीत अपमान झाला. मी पानाच्या गादीशी उभा होतो. हरिश्चंद्र माझ्या खांद्याला खांदा घासून गेला आणि ओळख दिली नाही. मी "काय रे" म्हटलं तेव्हा लांब गेला होता. अजून विमानात पाय ठेवला नाही तर ही तऱ्हा. पुढे जाऊन हौसा भाजीवालीच्या टोपलीवर धडकला, पेरू रस्ताभर झाले. हौसाने त्याचा उद्धार केला, "डोळे हायत का बटनं?" मला मनातून फार बरं वाटलं.

घरी येऊन कमळाला रंगवून सांगितलं. ती हसली नाही. ताक घुसळत राहिली.

मागच्या महिन्यात हे नवरा-बायको मिरजेला जाऊन आले. मी विचारलं तर म्हणाला, गोदूचं दुखणं. गोदूबाई रोज विहिरीवरून डोक्यावर हंडा नि काखेत कळशी आणते. कसलं दुखणं. परदेशी जायचं म्हणून कपडे शिवायला गेले असतील.

३० नोव्हेंबर, रविवार

शिशाचं काम काढलं. भाट्याला आपण गोल शिसं वापरतो, ते लाटेबरोबर गडगडत जातं. तिकडची लाट जोराची, गोल शिसं दोन मिनिटांत किनाऱ्याला परत येईल. पुस्तकात चौकोनी, खाली टोक असलेलं शिसं दाखवलंय, ते वाळूत रुततं. ते रत्नागिरीत मिळायचं नाही. म्हणून मिरकरवाड्यातून जुन्या जाळ्यांचं शिसं आणलं, परड्यात चूल मांडली आणि ओल्या वाळूत साचे पाडून ओतलं. लाकडाचा तसाच टोकदार ठोकळा मी रंध्याने तासून घेतला होता, वाळूत दाबलं की साचा तयार.

पहिली दोन फसली. वाळू जास्त ओली होती, शिसं फुर्र करून उडालं, माझ्या सदऱ्याला भोक पडलं. कमळा बाहेर आली ती पातेलं ओळखूनच.

"हे माझं दुधाचं पातेलं."

"फुटकं होतं."

"फुटकं होतं, पण माझं होतं."

हरिश्चंद्र पाटावर बसून हसत होता. मदत शून्य. निवलेलं एक-एक शिसं हातात घ्यायचा, चारी कडांवरून अंगठा फिरवायचा, आणि म्हणायचा, "ही कड जरा बोथट झालीय." मी बघितलं तर खरंच बोथट होती. मी डोळे फोडून केलेलं काम हा अंगठ्याने तपासतो. मला इतका राग आला की ते शिसं पुन्हा वितळवलं.

पण काम झकास झालं, हे मी माझ्यापुरतं नोंदवून ठेवतो. ही शिसं मालिंदीच्या वाळूत रुतणार, आणि मी रत्नागिरीत.

७ डिसेंबर, रविवार

आज जे झालं त्याला माफी नाही.

आमचा एक नियम आहे. आमचा म्हणजे आम्हा दोघांचाच नाही, इथे गरवणारे सगळेच पाळतात. ज्याची गरी त्याने आपल्या हाताने बांधायची, दुसऱ्याने शिवायचं नाही. गाठ ज्याच्या हातची, नशीब त्याचं. मागे एकदा इथल्याच विठूने भावाची गरी बांधून दिली, तिला मोठी तांबोशी लागली, आणि मासा कोणाचा यावरून दोघे वर्षभर बोलत नव्हते. तेव्हापासून म्हण पडली, गरी ज्याची, मासा त्याचा. आणि गरी ज्याची म्हणजे गाठ ज्याची. हरिश्चंद्राने आणि मी बावीस वर्षांत एकमेकांच्या गरीला बोट लावलं नाही.

आज तो पिशवी माझ्यापुढे ओतून म्हणाला, "एवढ्या गऱ्या बांधून दे. तारेच्या पण."

तारेच्या म्हणजे, तिकडच्या माशांचे दात धारेचे, पाण्याखाली पोवळ्याचे खडक, म्हणून गरीच्या वर हातभर पोलादी तार लावावी लागते. हे मीच त्याला पुस्तकातून सांगितलं होतं. सांगितलं ती चूक झाली.

"मी बांधू? तुझी गरी?"

"व्हय. मना तार जमत न्हाय."

ज्याने जन्मभर बोटीवर दोरखंडांच्या गाठी मारल्या, त्याला तार जमत नाही. साहेबाला हात खराब करायचे नाहीत, असं सांग ना. उंटावरून शेळ्या हाकायची सवय परेरासाहेबांकडून लागली असेल.

मी बांधत गेलो. तो शेजारी बसला होता, पण बघत नव्हता, समोर माडाकडे तोंड करून बसला होता. मधेच म्हणाला, "घुंगरू आहे का रे तुझ्याकडं? काठीच्या टोकाला बांधायला."

काठीला घुंगरू पोरं बांधतात, पत्ते खेळता यावेत म्हणून. मासा ओढू लागला की वाजतं. खरा गरवणारा काठीच्या टोकावर नजर ठेवतो. मी तसं म्हटलं.

"असू दे की," तो म्हणाला. "नजर ठेवून ठेवून दमलो."

आमच्या वासराच्या गळ्यातलं जुनं पितळी घुंगरू होतं, बारीक पण आवाज कडक. ते मी काढून दिलं. त्याने कानाशी धरून हलवलं आणि फार खूश झाला. परेरासाहेब हसतील याला, असं मनात म्हटलं, आणि तेवढ्यावर माझं जेवण गोड झालं.

१४ डिसेंबर, रविवार

संध्याकाळची भरती चांगली होती, दिवेलागणीला रावस येतो. हरिश्चंद्र म्हणाला, नको, उजेड आहे तोवर घरी जाऊ. गेला महिनाभर हेच चाललंय. गोदूबाईला भितो. वाळूतून निघाला तो सदूच्या खांद्यावर हात टाकून. सदू त्याचा पुतण्या. पूर्वी हा माणूस माझ्याशी शर्यत लावून बांध चढायचा. आता खांदेकरी लागतात.

२५ डिसेंबर

नाताळची सुट्टी. भाट्याला नव्या सामानाची परीक्षा घेतली.

खरं ते लिहितो, हरिश्चंद्राने काय फेकली. पाय रोवले, अंग पाठीमागे वळवलं, आणि शिसं सुरूंच्या उंचीने पाखरासारखं निघालं ते लाटांच्या तिसऱ्या ओळीपलीकडे पडलं. माझं एवढं लांब जात नाही. चौकोनी शिसं घट्ट रुतलं, दोरी ताठ. मीच निवडलेली काठी, मीच ओतलेलं शिसं, माझीच गाठ, आणि फेकणारा दुसरा. मला जी शिरशिरी आली ती आनंदाची होती की कसली, ठरवता येत नाही.

मग काठी वाळूत खोचून बसलो. घुंगरू घरी राहिलं होतं. थोड्या वेळाने काठीचं टोक वाकलं. एकदा, दोनदा, मग सरळ खाली. मासा होता, आणि बरा मासा होता. हरिश्चंद्र टोकाकडेच तोंड करून बसला होता.

मी काही बोललो नाही.

म्हटलं, याची काठी, याने बघावं. नियम तोच मोडतो, मी का मोडू. टोक पुन्हा वाकलं. तो तसाच बसलेला, चेहऱ्यावर काही नाही. मग म्हणाला, "भिकाजी, काय हाललं का रे?"

"नाही," मी म्हटलं.

मासा आमिष खाऊन गेला. दोरी गुंडाळल्यावर गरी रिकामी निघाली. त्याने गरीवरून बोट फिरवलं आणि हसला. "खाऊन गेला बघ मेला."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. डोळ्यांसमोर काठी वाकतेय आणि माणूस ढिम्म. अशा माणसाला मालिंदीला बोलावणाऱ्या परेरासाहेबांची कमाल आहे. घरी आल्यावर हे कमळाला सांगितलं, तिने विचारलं, "तुम्हाला दिसत होतं ना? मग सांगितलं का नाही?" मी म्हटलं, ते तुला कळायचं नाही. ती म्हणाली, "मला कळतंय," आणि आत गेली. तेव्हापासून तिचं माझ्याशी जेवढ्यास तेवढं चाललंय.

१४ जानेवारी १९८७, संक्रांत

हरिश्चंद्राकडे तिळगूळ घ्यायला गेलो. सगळं सामान ओटीवर बांधायला काढलेलं. काठी दोन तुकड्यांत, रीळ फडक्यात, शिसं नारळाच्या काथ्यात, गऱ्या बुचांत खोचून. मी बांधलेली एक-एक गाठ माझ्याकडे बघत होती.

आता लिहायला लाज वाटते, पण डायरी खोट्यासाठी नाही. सदू दोर आणायला गेला होता, हरिश्चंद्र आत कपडे घालत होता. एक गाठ मी हातात घेतली. तारेचा शेवटचा वेढा सैल केला की पुरे. मोठ्या माशाच्या पहिल्या हिसक्याला सुटली असती, आणि कोणाला कळलं नसतं. वेढ्यावर नख लावलंही. पण नख पुढे जाईना. असली गाठ माझ्या हातून सुटली असं परेरासाहेबांना दिसलं तर? माझ्या गाठीला नाव ठेवलेलं मला खपणार नाही. ती होती तशी ठेवली, उलट आणखी दाबून घेतली.

पण पोटातली आग कुठेतरी जायला हवी होती. घुंगरू वर पडलं होतं. ते मुठीत धरलं, वाजू नये म्हणून, आणि खिशात टाकलं.

बसू दे टोकाकडे बघत. गरवणारा आहे ना.

तेवढ्यात तो बाहेर आला. उंबऱ्यावर थांबून अंदाज घेतला, मग माझ्या दिशेने हात पुढे केला. "तिळगूळ घे, गोड बोल."

मी तिळगूळ खाल्ला. "गोडच बोलतो," म्हटलं. घुंगरू मांडीला टोचत होतं.

१७ जानेवारी, शनिवार

सकाळी हरिश्चंद्राची मुंबईची गाडी होती. मुंबईहून परेरासाहेबांचा मुलगा सोबत जाणार. मी पोचवायला जायचं नाही असं ठरवलं होतं, अंग मोडून आलंय म्हणून सांगितलं. कमळाने माझा सदरा धुवायला घेतला आणि खिशातून घुंगरू निघालं.

ती ते हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "हे भावोजींच्या काठीचं."

"राहिलं असेल चुकून."

"खिशात राहिलं?"

ती खाली बसली, दमून गेल्यासारखी. मग म्हणाली, "गोदूने मला तुळशीपाशी शपथ घातली होती. पण आता शपथ पाळली तर पाप लागेल. भावोजींचे डोळे चाललेत. काचबिंदू आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही, आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. बाजूचं काही दिसत नाही त्यांना. समोरचं तेवढं दिसतं, तेही नळीतून बघावं तसं, बारीक काही कळत नाही. दिवेलागण झाली की काहीच नाही."

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलं?"

"त्यांनीच नको म्हटलं. गोदू म्हणाली, सांगून टाका भिकाजींना, ते उगाच जळतायत. तर भावोजी म्हणाले, जळू दे. जळतोय तोवर तो मला बरोबरीचा समजतो. कळलं की दया करील, आणि दया करणाऱ्याबरोबर गरवायला मजा नाही."

तिच्या हातून घुंगरू घेतलं आणि बनियनवर निघालो. उंबरा, पायऱ्या, पेरूची टोपली, दोरी, गाठी, सगळं वाटेत माझ्या अंगावर येत होतं. काठी डोळ्यांसमोर वाकत होती आणि त्याने विचारलं होतं, काय हाललं का रे.

स्टँडवर गाडीचं इंजिन सुरू झालं होतं. हरिश्चंद्र खिडकीशी, शेजारी सदू. मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो, अगदी जवळ. तो समोर बघत होता. मग हातातलं घुंगरू हलवलं.

त्याने मान वळवली. आधी भलतीकडे, मग खाली. खिडकीतून पंजा बाहेर काढला. मी त्यावर घुंगरू ठेवलं.

"काल शोधलं मी," तो म्हणाला. "काठीवर हात फिरवला तर न्हाय. म्हटलं, तुझ्याकडं राहिलं असेल."

"माझ्याकडेच राहिलं होतं."

"बरं झालं." त्याने मूठ मिटली. "भिकाजी, रडतोयस की काय मेल्या? रडू नकोस. जळ चांगला. मी आफ्रिकेला चाललोय."

"जळतोय," मी म्हटलं. "खरंच जळतोय रे."

"मग ठीक हाय," तो म्हणाला, आणि गाडी सुटली.

१ फेब्रुवारी, रविवार

एकटा भाट्याला गेलो. आजूबाजूला कोणी नाही बघून डोळे मिटले आणि दोरी बोटावर धरून बसलो. पहिल्यांदा फक्त लाटेची ओढ कळते. मग वाळूत शिसं सरकतं ते कळतं. मग खेकडा आमिष कुरतडतो ते. जाड दोरी असती तर आणखी नीट कळलं असतं. त्याने जाडच मागितली होती, मी पुस्तकाच्या नादाने बारीक गळ्यात घातली.

बाबल्या जाळं घेऊन चालला होता, त्याने विचारलं, "मास्तर, झोपलात काय?" वाचनालयातल्या माणसाला इथे सगळे मास्तर म्हणतात. मी म्हटलं, होय.

डोळे मिटूनसुद्धा हेवा गेलेला नाही. त्याला निळं पाणी दिसत असेल, थोडं का होईना. मला डोळे आहेत आणि समोर भाट्याचा गढूळ समुद्र. हे लिहितानाच लाज वाटते, पण आहे ते आहे.

८ मार्च, रविवार

हरिश्चंद्र शुक्रवारी परतला. आज माझ्याकडे आला, सदूच्या खांद्यावर हात ठेवून. मी पुढे होऊन त्याचा हात धरणार होतो, मग आठवलं आणि ओटीवरच बसून राहिलो. "तीन पायऱ्या आहेत," एवढंच म्हटलं.

"म्हायत हाय," तो म्हणाला आणि चढला. सदू घरी गेला. कमळा चहा ठेवून गेली.

रंग काळवंडलाय, अंग धरलंय. मालिंदीच्या गोष्टी सांगत होता. लाट दिसली म्हणाला. सकाळच्या उन्हात समोर उभी राहिली की तिच्या पोटातून उजेड येतो. रोज सकाळी तो तेवढीच बघत उभा राहायचा, परेरासाहेब कंटाळून घरी जायचे. चौकोनी शिसं बघून साहेबांनी कोणी केलं ते विचारलं, आणि दोन ठेवून घेतली. दोरी बारीक होती, बोट कापलं म्हणाला. त्याने बोट पुढे केलं. मी त्या खुणेकडे बघत राहिलो.

मग मी विचारलं, जे महिनाभर विचारायचं होतं. "लागला का काही?"

"लागला," तो म्हणाला. "एकच. पण लागला."

शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळी. उजेड जात आला होता, साहेब म्हणत होते चल, हा म्हणाला थोडं थांबू. काठी खोचलेली, हा वाळूत बसलेला. घुंगरू वाजलं. एकदाच, कडक. मग काठीच आडवी झाली. त्याने ती धरली आणि मासा असा पळाला की रीळ तापून हाताला भाजलं. किती वेळ चाललं त्याला माहीत नाही. गुडघे टेकले होते. शेवटी तिथल्या दोघा माणसांनी लाटेत शिरून शेपटीला धरून ओढला. साहेबांचा मुलगा ओरडत होता, सगळे ओरडत होते, त्यांच्या भाषेत नि इंग्रजीत.

"किती मोठा?" मी विचारलं.

"मांडीवर घेतला तर दोन्हीकडून खाली." त्याने हात पसरून दाखवले. "पण मी बघितला न्हाय रे. काळोख पडला होता. हात फिरवला, तेवढंच. फोटो काढलेत त्यांनी, धाडतील. मना त्याचा काय उपयोग. साहेब म्हणाले ब्युटिफुल. आता ब्युटिफुल म्हणजे कसा?"

मी उठलो. पुस्तक घरीच होतं, महिनाभर माझ्याकडेच आहे. ते मांडीवर घेतलं.

"हाताला कसा लागला ते सांग. डोकं?"

"कपाळ उंच. बोकडासारखं उभं."

"खवले?"

"बारीक. पण शेपटीजवळ दोन्ही बाजूंनी टोचलं. करवत लावल्यासारखं."

"शेपटी?"

"लांब, दोन फाळांची. मुळाशी इतकी बारीक की मुठीत आली."

पान मला शोधावं लागलं नाही. ते पुस्तक त्या पानावर आपोआप उघडतं, इतक्या वेळा मी तिथे बसलोय. "तिकडे कोलेकोले म्हणतात का त्याला?"

"व्हय, व्हय. तसंच म्हणत होते."

मी चित्राकडे बघत होतो. बावीस वर्षं बघतोय. माझा मासा आहे तो, मी मनात कितीदा धरलाय त्याला, आणि याने खरा धरला. जुना हेवा पुन्हा आला, नेमका तिथेच.

हरिश्चंद्र म्हणाला, "भिकाजी, तार तुटली न्हाय. दुसऱ्यांच्या तुटल्या, तुझी न्हाय. गाठ तुझी होती."

मी पुस्तक त्याच पानावर उघडं धरून होतो.

"नियम नियम हाय. गरी ज्याची, मासा त्याचा. तुझाच तो. मी नुसता ओढला." त्याने चहाचा कप चाचपून खाली ठेवला. "मना फक्त सांग, कसा होता."

मग मी त्याला सांगितलं. पाठ काळपट निळी, पण उन्हात धरली तर हिरवी झाक मारते. तिथून खाली रंग उतरत जातो आणि पोट चांदीचं, नव्या भांड्यासारखं. डोळा मोठा, भोवती काळसर. अंगावर बारीक काळे ठिपके, अबीर शिंपडल्यासारखे. लाटेत धावतो तेव्हा पाठीवरचा पर मिटून खाचेत घालतो, म्हणून एवढा वेग. एक-एक गोष्ट सांगितली, पुस्तकात होती ती, आणि नव्हती तीही. तो समोर माडाकडे तोंड करून ऐकत होता, मधे मधे हात वर उचलून हवेतच त्या माशावर फिरवत होता. कमळा दाराशी उभी राहून ऐकत होती.

माझं सांगून झालं. त्याचा हात हवेतून खाली आला.

"मोठाच होता रे तुझा मासा," शेवटी म्हणाला. आवाज जरा उतरलेला होता. "तुला दिसला तरी."

हेव्याचा आवाज मी कुठेही ओळखेन. मी त्याला आणखी चहा घेतोस का विचारलं.